बुडालेल्या दोन बोटी राहू द्या, आधी कललेली तिसरी बघा

प्रश्न मला कळला तो असा. कालव्याच्या एका वळणावर तीन बोटी वर्षानुवर्षं पडून आहेत. पहिली लोखंडी, तळाला बसलेली, पाण्यावर फक्त केबिनचं छप्पर दिसतं. दुसरी लाकडी, काठाला टेकून अर्धी गाळात, आत झुडपं वाढलेली. तिसरी फायबरची, अजून तरंगते आहे पण एका कुशीवर कललेली. या कोणाच्या, कोणी काढत का नाही, पाण्याला त्रास होतो का, आणि पहिली वर काढून राहण्याजोगी करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. बोटींची तपासणी करणं आणि बुडालेल्या वर काढणं हेच माझं काम, तेव्हा एकेक घेतो. क्रम मात्र माझा.

आधी या बुडतात कशा ते समजून घ्या, कारण बाकीची सगळी उत्तरं तिथून निघतात. बोट बुडाली म्हटलं की डोळ्यांसमोर तळाला पडलेलं भगदाड येतं. सोडून दिलेल्या बोटींच्या बाबतीत मला ते फार क्वचित सापडलंय. या बोटी बहुतेक वेळा वरून भरतात. साधा हिशेब करा. पावसाचं पाणी आत साचेल असा भाग २० चौरस मीटर धरला आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २ घनमीटर पाणी, म्हणजे २ टन. वापरातल्या बोटीत हे पाणी निचऱ्याच्या छिद्रांतून बाहेर जातं, उरलेलं बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) फेकतो. पण पंप बॅटरीवर चालतो आणि बॅटरी कोणीतरी चार्ज करावी लागते. माणूस यायचा थांबला की काही आठवड्यांत बॅटरी उतरते आणि तिथून पुढे बोटीत शिरलेलं पाणी आतच राहतं.

त्यात दुसरी एक बारीक गळती असते, जी बोट बांधतानाच हिशेबात धरलेली असते. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवायला पॅकिंग असतं आणि जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून थोडं पाणी ठिबकणं योग्यच मानतात. मिनिटाला दहा थेंब म्हणजे दिवसाला पाऊण लिटर, वर्षाला अडीचशे लिटरच्या वर. पंप चालू असेल तर ही क्षुल्लक गोष्ट. बंद असेल तर बोट दर महिन्याला केसभर खाली जाते.

मग एक दिवस ती एका बाजूला कलते. आत मोकळं फिरणारं पाणी सगळं त्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. सिंकचं, निचऱ्याचं, धुराड्याचं असं कुठलंतरी तोंड, जे नेहमी पाण्याच्या रेघेच्या वर असायचं, ते आता रेघेखाली जातं. इथून पुढे घाई होते. ५ सेंटिमीटर व्यासाचं तोंड पाण्याखाली अर्धा मीटर गेलं, तर त्यातून मिनिटाला सुमारे २२० लिटर पाणी आत येतं, तासाला १३ टन. दोन वर्षं हळूहळू भरणारी बोट एका रात्रीत तळाला जाते आणि सकाळी काठावरचे लोक म्हणतात, ‘काल तर चांगली होती!’

एकदा साधारण बारा मीटरची एक लोखंडी बोट आम्ही वर काढली. चार वर्षं पाण्याखाली होती. मालकाच्या नातेवाइकांची खात्री होती की तळ गंजून भोक पडलं असणार. तळ हातोड्याने ठोकून पाहिला तर ठणठणीत. मागच्या उघड्या भागात पावसाचं पाणी जायला दोन छिद्रं होती, अंगठा जेमतेम जाईल एवढी. एकात पानांचा काळा लगदा घट्ट बसला होता, दुसऱ्यात बाटलीचं झाकण अडकून त्यामागे तोच लगदा. तिथे साचलेलं पाणी दाराच्या उंबऱ्यावरून आत गेलं, एवढंच. केबिनमध्ये खुंटीला छत्री टांगलेली होती, नीट घडी घालून.

आता सडण्याबद्दल. तुमच्या तीन बोटी तीन वेगळ्या पदार्थांच्या आहेत आणि तिघींचं सडणं अगदी वेगळं.

लोखंडी बोटीला (खरं तर पोलादी, पण सगळे लोखंडीच म्हणतात) पाण्यापेक्षा पाणी आणि हवा दोन्ही आलटून पालटून लागतात तिथे गंज जास्त खातो. म्हणून पाण्याच्या रेघेचा पट्टा आधी जातो, खोल चिखलातला तळ त्यामानाने टिकतो. गोड्या पाण्यात सरसकट गंज वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरतात. ६ मिलिमीटरच्या पत्र्याला हे फार वाटत नाही. पण गंज सरसकट चढतच नाही, तो खड्डे पाडतो. चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात, त्यांच्या वस्तीखाली पत्रा वाटीसारखा खरवडला जातो. वरचा काळा थर बोटाने पुसला की आत चकचकीत धातू आणि कुजक्या अंड्याचा वास. तळाला लावलेले मॅग्नेशियमचे अॅनोड स्वतः झिजून पत्रा वाचवतात, पण ते संपले की बदलायला कोणी नसतं. बोट काठावरच्या विजेला वर्षानुवर्षं जोडून ठेवलेली असेल, तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी तिची नकळत बॅटरी तयार होते आणि हे अॅनोड आणखी लवकर संपतात. छप्पर शाबूत दिसतंय म्हणून खालचं शाबूत आहे, असं लोखंडी बोटीत कधीच धरू नका. आम्ही हातोड्याने ठोकत जातो. चांगला पत्रा टण्ण करतो, खाल्लेला ‘थप’ म्हणतो. मग अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतो. ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या तळाचा विमा उतरवायला बहुतेक कंपन्या नाखूश असतात, म्हणजे तिथे नवा पत्रा चढवावा लागतो.

लाकडाचं उलटं आहे. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो, साधारण २० टक्क्यांच्या वर, आणि हवाही लागते. पूर्ण पाण्याखाली, त्यातही गाळात गाडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही. शिवाय समुद्रातलं लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. म्हणून फ्रान्समध्ये आर्लजवळ रोन नदीच्या गाळात पहिल्या शतकातली रोमन मालवाहू होडी सापडली, ३१ मीटर लांबीची. २००४ मध्ये शोध लागला, २०११ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी वर काढली. जवळजवळ दोन हजार वर्षं ती सडली नव्हती. तुमच्या काठाच्या होडीला ही सवलत नाही. ती अर्धी वर आहे, पावसाचं पाणी तिच्या सांध्यांत मुरतं, ऊन लागतं, पुन्हा पाऊस. नदीच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी लाकडी बोटीचा मोठा शत्रू, हे कुठलाही जुना सुतार सांगेल. झुडपं उगवलीत म्हणजे आत माती झाली आहे, आणि ती माती पूर्वी फळ्या होती.

थोडं विषयांतर करतो. लाकडी होडी मुद्दाम बुडवून ठेवणं ही फार जुनी युक्ती आहे. कोरड्या पडलेल्या फळ्या आकसतात, फटी पडतात. पाण्यात बुडवून ठेवली की लाकूड फुगून फटी आपोआप मिटतात. अमेरिकेतल्या लेक जॉर्जमध्ये १७५८ च्या शरदात ब्रिटिश फौजेने शेकडो होड्या दगड भरून तळाला बसवल्या. हिवाळ्यात शत्रूच्या हाती लागू नयेत आणि पुढच्या वर्षी वर काढता याव्यात, हा हेतू. बऱ्याच काढल्या, काही राहून गेल्या. त्याच वेळी बुडवलेली ‘लँड टॉर्टॉइज’ नावाची तोफांची नौका १९९० मध्ये सोनारने सापडली, तळावर जशीच्या तशी उभी. तेव्हा बुडणं म्हणजे नाश असं लाकडाच्या बाबतीत म्हणता येत नाही. अर्धवट बुडणं हा मात्र नाशच.

फायबरची बोट गंजत नाही, सडत नाही, आणि तीच तिची अडचण. काचेचे तंतू आणि रेझिन यांचं ते मिश्रण. वर्षानुवर्षं पाणी मुरून पृष्ठभागाला फोड येतात, आतलं प्लायवूड कुजतं, पण कवच तसंच राहतं. लोखंडाला भंगारवाला काही ना काही देतो. फायबर कोणी फुकटही नेत नाही, उलट ते नेण्याचे पैसे द्यावे लागतात. जगभर पडीक बोटींचा ढीग वाढतोय त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं. १९६० आणि ७० च्या दशकात हजारोंनी बनलेल्या बोटींचं आयुष्य आता संपलंय आणि त्या कुठे टाकायच्या याचा विचार बनवताना कोणी केला नव्हता. फ्रान्सने २०१९ पासून बोट बनवणाऱ्यांच्या वर्गणीतून जुन्या बोटी मोडण्याची सोय उभी केली. कॅलिफोर्नियात मालक स्वतःहून बोट आणून सोडू शकतो, विनामूल्य. वॉशिंग्टन राज्यात २००२ पासून पडीक बोटी काढायला वेगळा निधी आहे आणि त्यात बोटींच्या नोंदणी शुल्काचा वाटा असतो. मला हे मार्ग दंडापेक्षा शहाणपणाचे वाटतात. ज्याच्याकडे बोट मोडायला पैसे नाहीत त्याला दंड ठोठावला, तर तो रात्रीत बोटीवरचा नंबर खरवडतो आणि दोरी सोडून देतो. नंबर खरवडलेल्या बोटी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पाण्याला त्रास होतो का? होतो, पण लोकांना वाटतो तसा लगेच नाही. बोट बुडते त्या दिवशी तळातलं थोडं तेल वर येतं, इंद्रधनुषी तवंग दिसतो, चार दिवसांत जातो. डिझेलची टाकी मात्र तेव्हा शाबूत असते. ती गंजून फुटायला काही वर्षं लागतात, आणि तोवर बोट सगळे विसरलेले असतात. त्याशिवाय शिशाच्या बॅटऱ्या, गॅसचे सिलिंडर, शौचालयाची टाकी, जुन्या इंजिनाच्या धुराड्याला गुंडाळलेलं अॅस्बेस्टॉस, शिशाचे रंग. तळाला शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी जो कथिलाच्या संयुगाचा रंग लावत, त्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण जुन्या थरांत तो अजून असतो आणि पापुद्रे सुटून गाळात जातो.

दुसरा त्रास वाहतुकीचा. बुडालेल्या बोटीमागे प्रवाह मंदावतो, गाळ साचतो, उथळ भाग वाढतो. मोठ्या प्रमाणावर याचं काय होतं ते युरोपातल्या डॅन्यूब नदीवर बघा. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी सर्बियातल्या प्राहोवोजवळ आपल्याच युद्धनौका बुडवल्या. २०२२ च्या दुष्काळात नदी उतरली तेव्हा वीसहून जास्त सांगाडे वर आले, काहींत अजून दारूगोळा होता, आणि जहाजांना जायला १८० मीटरच्या जागी जेमतेम १०० मीटर रुंदी उरली.

आता मालकीचं. इथे बोट दाखवायला सगळे तयार असतात, बोट काढायला कोणी नाही. मालक म्हणतो विकली, घेणारा म्हणतो कागद झालेच नाहीत, काठाचा मालक म्हणतो पाण्यातली आहे, जलमार्ग सांभाळणारे म्हणतात मालकाला शोधतोय. मी पाहिलेल्या प्रकरणांत मूळ कारण बहुतेक वेळा दुष्टपणाचं नसतं. मालक आजारी पडतो किंवा जातो, मुलांना बोट नको असते, ती नावापुरत्या पैशात कोणाच्या तरी गळ्यात मारली जाते, तो पुढच्याच्या. तिसऱ्या-चौथ्या हातात ती जाते तेव्हा तिची दुरुस्ती तिच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

पण पडीक म्हणजे बेवारस नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. जवळपास सगळीकडे सोडलेल्या बोटीवरही मूळ मालकाचा हक्क कायम असतो आणि तो संपवायची ठरलेली रीत असते. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या कालव्यांवर १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याचं ८ वं कलम आहे. त्यानुसार बुडालेली, सोडलेली किंवा विनापरवाना बांधलेली बोट काढता येते, पण आधी मालकाला किमान २८ दिवसांची नोटीस द्यावी लागते. मालकच सापडत नसेल तर ती नोटीस बोटीवर चिकटते आणि मग सगळं भिजत घोंगडं. बुडालेली जहाजं काढण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार २००७ मध्ये नैरोबीत झाला आणि २०१५ पासून लागू आहे, तो समुद्रासाठी आहे. सक्तीचा विमा ३०० टन आणि त्यावरच्या जहाजांना. कालव्यातली दहा टनांची बोट त्याच्या जाळ्यातून सहज निसटते. कोणी काढत का नाही याचं रोखठोक उत्तर: तुमच्या तिन्ही बोटी वळणावर आहेत, वाटेत नाहीत. लॉकच्या (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या) तोंडाशी बुडाली असती तर त्याच दिवशी क्रेन आली असती.

सगळ्याच काढाव्यात असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदी आणि तिच्या शेजारून जाणारा कालवा यांच्यामधला बांध पर्टनजवळ १९०९ मध्ये ढासळला. तेव्हा जुन्या बोटी भरतीच्या वेळी काठावर चढवून, त्यांना भोकं पाडून गाळाने भरू दिल्या. पुढची काही दशकं हेच चाललं. त्या बोटी आज बांधच झाल्या आहेत, उपटल्या तर काठ सुटेल. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या मॅलोज बेमध्ये पहिल्या महायुद्धातल्या लाकडी जहाजांचे शंभराहून जास्त सांगाडे आहेत. त्यांच्यावर झाडं वाढली, पक्षी-मासे आले, आणि २०१९ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तुमच्या लाकडी होडीबद्दल माझं मत हेच: तेलाची टाकी, बॅटऱ्या असतील तर काढून घ्या आणि बाकी तिला राहू द्या. ओढायला गेलात तर हातात दोन फळ्या येतील आणि काठ मोडेल तो वेगळाच.

राहिली लोखंडी. वर काढता येईल का? येईल. राहण्याजोगी होईल का, हे मी न बघता सांगणार नाही, पण खर्चाचा मोठा भाग वर काढण्यात नसतो, वर काढल्यानंतरच्या आठवड्यात असतो. पद्धत अशी. पाणबुड्या हाताने चाचपून सगळी तोंडं शोधतो. लाकडी पाचर, कापड, फोम लावलेलं प्लायवूड यांनी ती बंद करतो. बोटीची कडच पाण्याखाली असेल तर तिच्याभोवती प्लायवूडची भिंत उभारावी लागते, नाहीतर पंप कालवा उपसत बसतो. मग पंप, एकाहून जास्त. पाणी उतरायला लागलं की बोट एकदम कलू शकते, म्हणून दोन्ही काठांना दोर बांधून ते हळूहळू सैल करायचे. चिखलात रुतलेला तळ चोखून धरल्यासारखा बसलेला असतो. जोर लावण्यापेक्षा पाण्याचा झोत सोडून, हलवून, वाट बघावी. हवेच्या पिशव्या लावायच्या तर १ घनमीटरच्या पिशवीने साधारण १ टन उचलला जातो, आणि आतला ओला गाळ पाण्याच्या दीडपट जड धरा. दोर बांधायच्या खुंट्यांना साखळी लावून कधीच उचलू नका, त्या पत्र्यासकट उपटून येतात.

सुरुवातीला पंपातून येतं ते जवळपास कालव्याचंच पाणी असतं. शेवटच्या वीतभर पाण्यात सगळं तेल असतं. तिथे पंप थांबवायचा आणि उरलेलं टँकरमध्ये घ्यायचं. हे विसरलं की चार वर्षांत जे प्रदूषण झालं नाही ते पाच मिनिटांत होतं. बंद केबिनमध्ये लगेच शिरू नका. आतली कुजण वायू सोडते, प्राणवायू कमी असतो, आणि सिलिंडर गळत असेल तर तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळात साचून राहतो.

इंजिनाबद्दल लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. पाण्याखाली हवा कमी म्हणून इंजिन हळू गंजतं. वर काढल्यावर, ओल्या लोखंडाला हवा लागली की, दोन दिवसांत ते जाम होऊ शकतं. म्हणून मेकॅनिक, डिझेल, तेल सगळं काठावर तयार असेल त्याच दिवशी बोट वर काढा. पंप हाताशी आला म्हणून शनिवारी काढून ठेवली आणि मेकॅनिक पुढच्या गुरुवारी आला, तर इंजिनाचं भंगार झालेलं असतं. तारा, इन्सुलेशन, आतलं लाकूडकाम हे सगळं जातंच. कवच चांगलं निघालं तर घ्या. रेघेच्या पट्ट्यात हातोडा ‘थप’ बोलला तर भंगारात द्या. यातलं काहीही मालकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा जलमार्ग प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करू नका. स्वतःच्या खर्चाने दुसऱ्याची बोट वर काढून देणारे भले लोक मी पाहिलेत. वर आल्यावर मालक बरोबर उगवतो.

आणि तिसरी? पहिल्या दोघींपैकी एक चार वर्षांनी काढली काय आणि पाच वर्षांनी काढली काय, फारसा फरक नाही. कललेल्या बोटीचा हिशेब मात्र आठवड्यांचा आहे. आज तिला एक माणूस, एक पंप आणि अर्धा दिवस पुरेल. तळाला गेली की पाणबुड्या, क्रेन, टँकर. बोटीचा नंबर दिसतो का बघा, कवचावर मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला ओळख क्रमांकही असू शकतो. दोन्हींचे फोटो काढा. पाण्याची रेघ कुठे आहे ते दिसेल असा एक फोटो आज आणि एक आठवड्याने घ्या, त्याच जागी उभं राहून. रेघ बोटभर जरी वर सरकली असेल तर दोन्ही फोटो प्राधिकरणाला पाठवा आणि बोट सध्या तरंगते आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. दोर ताणलेला असेल तर सैल करायला त्यांनाच सांगा, तुम्ही बोटीवर चढू नका. कललेल्या बाजूला तुमचं वजन पडलं, तर ज्या तोंडाची मी वर गोष्ट सांगितली ते पाण्याखाली जायला तेवढंच पुरेल.